पाचवा ठोका माझा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. माझे आकडे पुसट झाले असले, तरी स्वभाव अजून तिखट आहे. बाईंच्या इंग्रजीच्या क्लासात मी बावीस वर्षे राबले. रेघा मारायला नाही हं, शब्द मोडायला!

लांबलचक शब्द आला की बाई त्याचे तुकडे पाडत आणि प्रत्येक तुकड्याला मला टेबलावर आपटत. हॉस्-पि-ट-लाय-झे-शन. सहा ठोके, त्यांतला पाचवा खणखणीत, कारण जोर तिथे. "नुसत्या हॉस्पिटलात जोर पहिल्या तुकड्यावर," बाई सांगत, "पण मागे एशनचं शेपूट लागलं, की जोर पळाला शेपटाकडे." त्या आपटण्यात माझा एक कोपरा उडाला. पण तेव्हा मला केवढा मान होता!

मग फोन आला. बोट लावले की शब्द बोलून दाखवणारा. सगळे त्याच्यावर लट्टू. आणि माझे काम काय? तो घसरू नये म्हणून त्याच्या पाठीला टेकू देणे! माझा नुसता जळफळाट झाला.

क्लासात एक मावशी यायची. ती इस्पितळात लादी पुसायची. तिला तिथल्याच चौकशीच्या खिडकीवर बसायचे होते. त्यासाठी तोंडी परीक्षा होती आणि तिच्यात हाच शब्द हटकून विचारत. फोनमागोमाग मावशी तो घडाघडा म्हणायची. फोन गप्प झाला की तीही गप्प. मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या, खोटे कशाला सांगू? परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी फोन बाजूला सारला आणि मला उचलले. त्या दिवशी मी शंभरदा आपटले गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी परीक्षेहून थेट क्लासात आली.

"बाई, फोन दारातच काढून घेतला की हो! माझी तर बोबडीच वळली. मग टेबलाखाली गुडघ्यावर बोटानं ठोके धरले."

"आणि पाचवा?"

"अस्सा हाणला, की गुडघा उडून टेबलाला लागला आणि साहेब दचकले! सोमवारपासून खिडकीवर बसायचंय."

बाईंचे डोळे भरून आले. मीही खूश झाले. पण मावशी आपल्या बोटाचेच कौतुक सांगत राहिली, माझे नाव काही निघेना. फोनचा हेवा करून दमले होते, त्यात आता बोटाचाही सुरू झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्ही हजारदा ऐकले असेल. मी एवढेच मागते, की काम फत्ते झाले की आमचे नाव घ्या. विसरलात तरी चालेल, असे म्हणण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही.