उजवीकडची सीट

रुपालीने दाताने दोरा तोडला आणि हाताला लागली ती चादर ओढून सीटवर टाकली. गल्लीत टेम्पो थांबल्याचा आवाज आला होता, आणि त्यामागोमाग यज्ञेश्वरकाकांचा, "जरा कडेला घ्या हो, माणसं चालतात इथून." म्हणजे काका आज नुसते विचारायला आले नव्हते. न्यायलाच आले होते.

तिने चादरीचं टोक सीटच्या पाठीखाली खोचलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. दीड वर्षाची मुक्ता जमिनीवर बसून रेक्झिनच्या तुकड्यांचा ढीग करत होती.

"काय रुपालीताई," काका पायरीवर चपला काढत म्हणाले, "आज कारण काय? रेक्झिन की स्प्रिंगा?"

"या ना काका. बसा, पाणी देते."

"पाणी घरी येतं आमच्या. सीट येत नाही."

ती कसनुशी हसली. शनिवार पेठेतल्या या गाळ्यात ती आणि तिचा नवरा उत्तरेश्वर गाड्यांच्या सीटा नव्याने भरून द्यायचे. सांगाडा, स्प्रिंगा, काथ्या त्याच्याकडे आणि शिवण तिच्याकडे. तो आज सकाळीच काथ्या आणायला स्वारगेटकडे गेला होता. दुकानात ती एकटी होती, आणि खोटं बोलायचं काम दोघांत वाटून घ्यायची सोय नव्हती.

काकांच्या पांढऱ्या फियाटच्या पुढच्या दोन्ही सीटा त्यांचा मुलगा शौनक इथे घेऊन आला होता. रेक्झिन तडकलेलं, शिवणी उकललेल्या, आतला काथ्या भुसा होऊन सांडत होता. काम खरंच गरजेचं होतं. पण सगळं बोलून झाल्यावर शौनक परत फिरला, आणि दारातल्या शटरच्या पट्टीशी चाळा करत म्हणाला,

"ताई, एक विनंती. हे लवकर करू नका."

"म्हणजे?"

"जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवा. सीट नसली की बाबा गाडी काढू शकणार नाहीत."

मग त्याने सांगितलं. त्याची मुलगी अवनी एकदा गाडीत पुढे आजोबांच्या शेजारी बसली होती. स्वारगेटच्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हललीच नाही. मागून बसचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या शिव्या. शेवटी ट्रॅफिक पोलिसाने गाडी ढकलत कडेला लावली. घरी आल्यावर अवनीने आईला विचारलं, आजोबा मला का विचारत होते, आपलं घर कुठे आहे म्हणून?

"डॉक्टरांना दाखवलं?" रुपालीने विचारलं होतं.

"दाखवलं. पण गाडी बंद करा हे त्यांना कोण सांगणार? किल्ली अजून खुंटीवरच आहे. मी त्यांच्यासमोर आवाज चढवलेला नाही कधी." एवढं बोलून तो सदाशिव पेठेकडे चालू लागला होता, मान खाली घालून.

तेव्हापासून रुपाली थापा मारत होती. मरून रंगाचं रेक्झिन मिळत नाही. मशीन बिघडलंय. मुक्ताला ताप होता, आणि हे सांगून झाल्यावर तिने घरी मुक्ताची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली होती. पण हातांना थापा मारता येत नव्हत्या. मुक्ता दुपारची झोपली की ती उजवीकडची, चालवणाऱ्याची सीट जवळ ओढायची. थोडंच करू म्हणून बसायची आणि पुढची शिवण सुरू करायची. काम अर्धवट टाकायची तिला सवयच नव्हती. आणि आज, नको तेव्हा, ती सीट पुरी झाली होती.

"ही डावी," काका भिंतीशी ठेवलेल्या उघड्या स्प्रिंगांकडे बोट दाखवत म्हणाले. "हिचे तर अजून हाल आहेत. पण डावीची घाई नाही मला. उजवी कुठंय?"

"ती... ती यांनी नेलीय. वेल्डिंगला."

"आज?"

"हो."

"उत्तरेश्वर आत्ताच मला लक्ष्मी रोडला भेटला. मोटरसायकलवर होता. त्याच्याकडे सीट नव्हती."

रुपालीने पदराने गळ्याचा घाम टिपला. बाहेरून टेम्पोवाला ओरडला, "काका, आटपा! इथं गाडी उचलून नेतात!"

"आलो, आलो. तुमची नेली तर माझी देईन, सीट नाही तिला, पण देईन." काका पुन्हा तिच्याकडे वळले. आवाज उतरला. "अहो, उद्या अवनीची शाळा सुरू होतेय. पहिल्या दिवशी मी सोडणार, फियाटमधून. शब्द दिलाय तिला. मेकॅनिक घरी येऊन बसलाय. निदान उजवी तरी द्या. पोरीला मी मागे बसवीन."

पोरीला मागे बसवीन. रुपालीच्या डोळ्यांपुढे तो चौक उभा राहिला. मागच्या सीटवरची वेणी, आणि मधोमध थांबलेली गाडी. तिने खाली पाहिलं, मुक्ता कुठे आहे म्हणून.

मुक्ता रांगत चादरीशी पोचली होती. तिने टोक धरलं, चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि तिच्याआडून ओरडली,

"भॉक!"

चादर सरकत खाली आली. मरून रंगाची नवी सीट दुकानाच्या मधोमध उघडी पडली.

मुक्ताला कुणीच हसलं नाही. तिने पुन्हा एकदा "भॉक" करून पाहिलं, मग रडायच्या बेताला आली. रुपालीने तिला उचलून खांद्याशी धरलं. माफी मागितली तर शौनकचं नाव येणार, आणि नाही मागितली तर ती नुसतीच खोटारडी ठरणार.

काका सीटपाशी गेले. गुडघ्यावर हात टेकत हळूच त्या जमिनीवरच्या सीटवर बसले. पाय पुढे पसरले. उजवं पाऊल फरशीवर टेकलं, किंचित दाबलं गेलं आणि तसंच राहिलं.

"छान भरलीय," ते म्हणाले. "कधी झाली?"

"आत्ताच, काका. तुम्ही आलात तेव्हा."

"शौनकने सांगितलं होतं ना?"

तिने मुक्ताच्या पाठीवर थोपटलं. थोपटतच राहिली.

"स्वारगेटचंही सांगितलं असेल." काका समोरच्या भिंतीकडे पाहत होते, जणू तिथे काच होती आणि काचेपलीकडे रस्ता. "मला त्यातलं काही आठवत नाही. मी घरात सगळ्यांना वेड्यात काढलं. म्हटलं, लहान मूल आहे, काहीही सांगतं." त्यांनी मांडीखालच्या रेक्झिनवर तळवा फिरवला. "पण अवनी काहीही सांगत नाही हो. ती तशी नाहीये."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. काकांचं पाऊल फरशीवरून उचललं गेलं.

ते उठले, रुपालीने पुढे केलेला हात न घेता. वाकले आणि सीटच्या कडेने शिवलेल्या गोटावरून अंगठ्याचं नख फिरवत गेले, पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हा गोट वाकडा आहे," ते म्हणाले.

"नाही काका, मी दोनदा मोजून..." ती बोलता बोलता थांबली.

काका तिच्याकडे पाहत होते. रागाने नाही. वाट पाहत असल्यासारखे.

"वाकडा आहे," ते पुन्हा म्हणाले. "मला असलं काम चालत नाही. सगळी शिवण उसवा."

रुपालीने मुक्ताला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "सगळी?"

"सगळी. पुन्हा करायला वेळ लागेल, नाही का?"

"लागेल, काका. किती ते सांगता येणार नाही."

"लागू दे. मी विचारायला येत जाईन अधूनमधून."

त्यांनी पायरीवर बसून चपला घातल्या आणि फोन लावला. "शौनक, मेकॅनिकला चहा देऊन परत पाठव. नाही झाली सीट. अरे, नवीन आहेत, हात बसायचाय त्यांचा. तू काही बोलू नकोस हां त्यांना, मी बोललोय." मग पलीकडचं ऐकून घेऊन म्हणाले, "अवनीला सांग, उद्या रिक्षाने जाऊ. हो, मी येतोय बरोबर. पण तूही चल."

टेम्पो रिकामाच गेला. काका गल्लीच्या तोंडाशी पोचले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं, आणि एका दुकानदाराला काहीतरी विचारून वळले.

उत्तरेश्वर काथ्याचं पोतं घेऊन आला तेव्हा रुपाली मांडी घालून बसली होती. मुक्ता तिला टेकून झोपली होती. ब्लेडच्या टोकाने ती एकेक टाका कापत होती. निम्मा गोट मोकळा झाला होता.

"अगं, हे काय करतेस? पुरी झाली होती ना?"

"वाकडी होती," ती म्हणाली.

त्याने पोतं खाली ठेवलं, वाकून उरलेली शिवण नीट न्याहाळली. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या समोर बसून दुसऱ्या बाजूने उसवायला लागला.