अण्णांच्या चार ओळी

अण्णा, माझे वडील, गेले तेव्हा बागेतले मणी ज्वारीएवढे झाले होते. द्राक्षवाल्याला या दिवसांत बसायला फुरसत नसते. मणी फुगवायचे तर याच वेळी एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवावा लागतो. वेळ टळली की वर्षाचा माल बारीक राहतो. पण आमच्या गावात सुतक असलेल्या घरचं माणूस वेलीला हात लावत नाही. ते काम शेजारी करतो, कुणी न सांगता. आमचं गुंडप्पाकाकांनी केलं.

किल्लारीच्या अलीकडे त्यांचं आणि आमचं रान बांधाला बांध लागून आहे. अण्णांना छातीत कळ आली तेव्हा जीपमध्ये घालून लातूरला आणणारे काकाच. मी लातूरलाच शिकवते, म्हणून आधी पोचून दवाखान्याच्या दारात उभी होते. काका उतरले, मला बघितलं आणि तिथंच फरशीवर बसले. त्यांनी काही सांगायची गरज राहिली नाही.

बागेच्या टोकाला अण्णांनी चार ओळी वेगळ्या लावल्या होत्या. तुरीगा नासिओनाल. पोर्तुगालचा काळा वाण, खायचा नव्हे, वाइनचा. काका येता-जाता छेडायचे, "अण्णाराव, ही तूर हाय का द्राक्षं?"

"सासुरवाशीण हाय," अण्णा म्हणायचे. "कमी खाती, लई राबती."

खरंच तसा स्वभाव होता तिचा. अण्णा सांगायचे, घड मोजके, मणी बारीक, साल जाड. पाणी जास्त झालं की नुसती पानं माजायची. उपाशी ठेवलं तर म्हणे त्या एवढ्याशा मण्यात सगळं साठतं: रंग, तुरटपणा आणि फुलाचा वास. पुस्तकांत त्या फुलाचं नाव व्हायलेट असतं. अण्णांनी ते फूल कधी पाहिलं नव्हतं. "आपल्या मुरमात कशाचा वास येतो ते बघू की," एवढंच म्हणायचे. पहिलं पीक यंदा यायचं होतं.

माझा भाऊ वैजनाथ नांदेडला नोकरीला असतो. त्याने अण्णांना एकच पीक बघायला दिलं होतं. वाइनवाल्यांनी माल घेतला तर ओळी राहतील, नाहीतर उपटून तिथं खायची द्राक्षं लागतील. अण्णा हो म्हणाले होते. त्यांच्या माघारी तो शब्द तसाच उरला, आणि मला त्या ओळी हव्या होत्या. अण्णांचं दुसरं काही वाढणारं आता शिल्लक नव्हतं.

मार्चमध्ये नाशिककडून आरती आली. वाइन बनवणारी, अण्णांशी फोनवर तासन् तास बोलायची. तिने एक मणी तोडला, दाबला, तोंडात टाकला. दुसरा वास घेऊन हातातच ठेवला. मणी टपोरे होते, रंगाने फिके. खायच्या द्राक्षांच्या सवयीने मला ते चांगले वाटले होते.

"ताई, यांना जीए दिलंय का?" तिने हळू विचारलं. "मणी फुगवायचं औषध. आणि पाणीही बक्कळ झालंय. यात काहीच उतरलेलं नाही. हा माल मला नेता येणार नाही. वेली मात्र छान आहेत. पुढच्या वर्षी..."

तेवढ्यात काका चहाची किटली घेऊन आले. मागे वैजनाथ.

"कसा हाय माल?" काकांचा चेहरा फुलला होता. "अण्णाराव गेला त्या वक्ताला हिचे असले बारके घड, मला बघवंना. सुतकात मी एकेक घड सोताच्या हातानं बुडवलो. गडी न्हाई लावलो. पानीबी रोज सोडलो. म्हनलं, मानसाचं नाव झालं पायजे."

आरतीने माझ्याकडे पाहिलं. वैजनाथनेही.

वाण चांगला आहे, एक वर्ष आणखी दे, असं भावाला सांगायचं तर यंदा काय बिघडलं तेही सांगावं लागणार होतं. त्याला नंतर एकटं गाठता आलं असतं. पण वैजनाथच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळच्या आत ते काकांच्या ओट्यावर पोचलं असतं.

"वाण जमला नाही इथं, काका," मी म्हणाले. "आपल्या मातीचा नाही तो."

आरती किटलीकडे बघत राहिली.

"तरी मी म्हनलो होतो अण्णारावाला," काका म्हणाले. "परदेशची सून करू नको म्हनून. ऐकला का गडी कवा?" ते हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मी लई जपलो गं पोरी. माज्यापरीनं लई जपलो."

"मला माहीत आहे काका."

"मग या आठवड्यात काढून घेऊ," वैजनाथ म्हणाला.

काकांनी टोकाच्या वेलीच्या खोडावर हात ठेवला. "एक तरी ठिवा रे. अण्णारावाच्या नावानं. मी बघतो की तिला."

एक वेल राहिली तर एखाद्या वर्षी औषधाविना तिला तिचे खरे मणी येतील, बारीक आणि काळे. वर्षानुवर्षं द्राक्ष केलेला माणूस ते बघेल, आणि त्याला सगळं कळेल.

"नको, काका," मी म्हणाले. "सगळ्याच काढा."