छत्तीस शुभेच्छुक

मंगळवारी सकाळी भूपाल चौगुले दुकान उघडायला गेला, तर बाहेर छत्तीस गुंड ओळीनं उभे होते आणि छत्तिसांच्याही चेहऱ्याच्या जागी टीव्हीवर असतात तसले धुरकट चौकोन होते.

"दादा, चहा सांगा की," पहिला म्हणाला.

भूपालनं चहा सांगितला. मग दुकानाच्या काचेत पाहिलं. चौकोन त्यालाही आले होते. आठ आडवे, नऊ उभे. दाढी करायची राहिली होती, ती आता दिसत नव्हती, एवढाच काय तो फायदा.

भानगड अशी की, आदल्या संध्याकाळी एका वाहिनीनं 'जयसिंगपूरची चाळीस जणांची टोळी' नावाचा माहितीपट दाखवला. टोळीत खरे चौघंच. फोटो-फ्लेक्सवाला भूपाल, पंक्चरवाला इलाही आणि कॅरमला लागतात म्हणून दोघं पाटील बंधू. पण इलाहीच्या वाढदिवसाचा फलक चार तोंडांत फारच भिकार दिसत होता. भूपालकडं गिऱ्हाइकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो डबाभर पडून होते. त्यातले छत्तीस त्यानं खाली 'शुभेच्छुक' म्हणून लावले. वाहिनीवाल्यांनी फलक वाचला आणि तोंडं मोजली. बेकरीवाला प्लास्टिकची सुरी द्यायला विसरला म्हणून इलाहीनं केक शहाळ्याच्या कोयत्यानं कापला होता, त्याचं चित्रणही त्यांना कुठूनतरी मिळालं. ते त्यांनी संथ गतीत सतरा वेळा दाखवलं.

इलाही तेव्हापासून संथच होता. नऊ वाजता त्याला हाक मारली, तर सव्वानऊला त्याची मान वळली.

"भू...पा...ल्या," तो म्हणाला. पुढचं ऐकायला कोणी थांबलं नाही.

"तुम्ही आपापल्या घरी जावा," भूपालनं छत्तिसांना सांगितलं.

"घर कुठं ते कार्यक्रमात सांगितलं नाही," पहिला म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

एरवी भूपालनं हेही चालवून घेतलं असतं. पण रविवारी कुरुंदवाडहून त्रिशला नावाच्या मुलीकडची माणसं त्याला बघायला येणार होती. याआधी चार ठिकाणी नकार आला होता आणि तेव्हा तर चेहरा होता. त्यानं वाहिनीला फोन लावला.

"चेहरा आमच्याकडं सुरक्षित आहे," तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुमच्याच संरक्षणासाठी झाकलाय."

"मला कुणापासून धोका आहे?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "भूपाल चौगुले म्हणून एक आहे. फार वाईट माणूस. जरा जपून राहा."

भूपालनं आभार मानले. फोन ठेवल्यावर त्यानं दाराला आतून कडी घातली आणि मग बराच वेळ विचार करत बसला की, आता तो आत आहे की बाहेर.

रविवारी पाहुण्यांना गल्ली ओलांडायला पाऊण तास लागला. गल्लीत घरं अकराच, पण वाहिनीनं ती इतक्या बाजूंनी दाखवली होती की, तिला आता तेवढं लांब व्हावंच लागत होतं. त्रिशलाचे मामा मध्यावर एका पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा निघाले.

आत सतरंजीवर सदतीस जण पोह्यांच्या बश्या घेऊन बसले होते. छत्तिसांना बाहेर थांबा म्हटलं होतं, पण टोळी एकत्र राहते असं निवेदकानं ठासून सांगितल्यामुळं त्यांचाही नाइलाज होता.

"यातला मुलगा कुठला म्हणायचा?" मामांनी विचारलं.

भूपालनं हात वर केला. लगेच छत्तीस हात वर गेले.

"पोरं एकजुटीची दिसतात," मामा म्हणाले.

भूपालच्या आईनं दारामागून डोळ्याला पदर लावला. मामांनी बशी खाली ठेवली आणि चपला कुठं काढल्या होत्या ते बघू लागले. भूपालला हे बघणं माहीत होतं. पाचवा नकार असाच सुरू होतो.

तेवढ्यात मामांशेजारी बसलेली त्रिशला उठली. सगळ्यांवरून नजर फिरवत ती बरोबर त्याच्यासमोर येऊन बसली.

"मलाच कसं ओळखलं?" भूपालनं विचारलं.

"बाकीचे खातायत. तुमचे पोहे तसेच आहेत." ती पुढं वाकली. "हे पुसून जात नाही का?"

"साबण लावून बघितला. रॉकेलपण."

"निघतंय का बघू?"

"बघा की."

"त्रिशले, हात नको लावूस," मामा म्हणाले.

तिनं वरून तिसऱ्या ओळीतल्या एका चौकोनाच्या कोपऱ्यात नख घातलं. टिकली निघावी तसा तो सहज निघाला. खालून एक डोळा बाहेर आला, उजेडानं मिचमिचला आणि तिच्यावर स्थिर झाला. भूपालला ती पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. तिच्या हनुवटीवर बारीक तीळ होता.

"अगंबाई," ती म्हणाली, "तुमचे डोळे घारे आहेत."

"नाही हो!" आई दारामागून ओरडली. "त्याचे काळे आहेत!"

डोळा एकदा आईकडं वळला आणि पुन्हा त्रिशलाकडं आला. तिनं काढलेला चौकोन आपल्या मनगटावर चिकटवून ठेवला आणि शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्यात नख घातलं.