आतल्या कडीचं नाव

नत्थूजींनी दुकानाच्या कुलपात आणखी थोडं रॉकेल ओतलं आणि चाबी रघुनाथरावांच्या हातात दिली.

"धरा जरा, गुरुजी. मी हातोडी घेऊन येतो."

रघुनाथराव पोहे घ्यायला आले होते. किराण्याचं दुकान उघडायची वाट पाहत ओट्याजवळ बरेच लोक पिशव्या घेऊन उभे होते. आता ते सगळे रघुनाथरावांकडे पाहू लागले, कारण चाबी त्यांच्या हातात होती. शाळेतून निवृत्त होऊनही लोकांच्या नजरेची त्यांची भीती गेली नव्हती. कोणी पाहू लागलं की ते समोरच्या वस्तूकडे पाहत आणि तिची लॅटिन नावं मनातल्या मनात म्हणत. मनातल्या मनात, असं त्यांना वाटत असे. खरं तर ओठ हलत आणि थोडा आवाजही निघे.

हा नाद होमिओपॅथीमुळे लागला होता. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून त्यांनी औषधांची पेटी आणली. औषधांची नावं लॅटिन. अर्थ न कळता लोकांना गोळ्या देणं त्यांना पटेना, म्हणून नागपूरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून लॅटिनचा जाड कोश आणला. मग औषधं राहिली बाजूला, ते कोशच वाचत बसले. घरातल्या एकेका वस्तूला जुने रोमन लोक काय म्हणत हे शोधायचं आणि ती वस्तू दिसली की ते म्हणायचं. आधी भांडी झाली, मग धान्यं. सध्या दारं आणि कुलपं चालली होती. आपले उच्चार बरोबर आहेत की नाहीत, याबद्दल त्यांना रोज शंका येई. ती फेडणारं पांढुर्ण्यात कोणी नव्हतं.

"क्लाविस," चाबीकडे पाहून ते पुटपुटले. "सेरा. क्लाउस्ट्रुम. यानुआ."

हाताला काही तरी चाळा हवा म्हणून त्यांनी चाबी कुलपात घालून फिरवली. कुलूप उघडलं.

ते रॉकेलमुळे उघडलं होतं. हे रघुनाथरावांना माहीत होतं, हातोडी घेऊन आलेल्या नत्थूजींनाही माहीत असायला हवं होतं. पण समोरच्या टपरीवर चहा गाळणाऱ्या मुकुंदानं गुरुजींचे ओठ हलताना पाहिले होते.

"मंतर मारला गुरुजीनं," मुकुंदा म्हणाला. "म्या डोळ्यानं पाह्यलं."

"नाही, नाही. ते शब्द होते," रघुनाथराव म्हणाले.

"मंतर म्हणजे शब्दच होये ना जी," नत्थूजी म्हणाले, आणि त्यांनी पोहे थोडे जास्तच मोजून दिले.

त्या आठवड्यात घरी एक गंजलेली पेटी आली, एक सुटकेस आली, चाबी हरवलेली एक सायकल खांद्यावरून आली. मग कुलपं नसलेलीही कामं येऊ लागली. एकाची छिंदवाड्याला बदली अडली होती. एकाची म्हैस अडली होती. रघुनाथराव प्रत्येकाला सांगत की आपल्याला काही येत नाही. लोक आदरानं मान हलवत. ज्याला येतं तो असंच म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"शाळेत जन्मभर घसा फोडला, तेव्हा कोणी ऐकलं नाही," त्यांच्या पत्नी रजनीबाई भाकरी थापताना म्हणाल्या. "आता पुटपुटता, तर रांग लागली."

"मी काय करू?"

"म्हैस बाकी व्याली म्हणे. दूध येईल बहुतेक."

कलाबाई आल्या त्या दुपारच्या. जाम नदीपलीकडच्या सावरगावच्या, संत्र्याचा बगीचा असलेल्या घरच्या. मागे सायकल धरून त्यांचा मुलगा हिरामण उभा होता. तो जमिनीकडे पाहत होता.

"गुरुजी, आमची सून जयवंता कोठीत गेली अन् आतून कडी लावून बसली," कलाबाई म्हणाल्या. "सकाळपासून. बोलत नाही, पानी मांगत नाही. बाहेरची बाधा हाय. जामसांवलीले न्याचं म्हणून ट्रॅक्टर सांगून ठेवला. पन आधी दार तं उघडलं पाह्यजे. मिस्त्री म्हणते, तोडा."

"काही भांडण झालं का घरात?"

"भांडाले ती बोलते कुठं? पोळ्याच्या आधी लगन झालं, तवापासून तिचा आवाज ऐकला नाही आमी. हो का नाही रे?"

हिरामणनं सायकलची घंटी उगाच पुसली.

जामसांवलीच्या हनुमानाला रघुनाथराव स्वतः दर वर्षी जात. जाण्यात काही वाईट नव्हतं. पण दार तोडून बाहेर काढलेल्या आणि भर गावातून ट्रॅक्टरवर बसवून नेलेल्या सुनेला गाव पुढे जन्मभर कोणत्या नावानं ओळखेल, हे त्यांना कळत होतं. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. रजनीबाईंनी खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

सावरगावच्या त्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. मिस्त्री पटाशी घेऊन तयार होता. हिरामणचे वडील कवडूजी खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय झालं?" असं विचारत होते, आणि उत्तर ऐकू न आल्यामुळे पुढच्याला पुन्हा विचारत होते. रघुनाथरावांना पाहून सगळे गप्प झाले. पाठ फिरवून सरळ नदीच्या पुलाकडे जावं असं त्यांना वाटलं.

"मागं सरा सगळे," कलाबाई म्हणाल्या. "मंतर ऐकाचा नसते."

लोक विहिरीपर्यंत मागे सरले. रघुनाथराव कोठीच्या दाराशी गेले. दार जुनं, सागवानी होतं. काय करावं ते न सुचून ते उंबऱ्यावर बसले.

"बाई," ते हळूच म्हणाले. "मी रघुनाथराव. पांढुर्ण्याला शाळेत मास्तर होतो."

त्यांनी दाराला कान लावला.

"मला मंत्र येत नाही," ते म्हणाले.

आत एक डबा सरकल्याचा आवाज आला.

"मंग काहून आले?" जयवंतानं विचारलं.

"बोलावलं म्हणून."

"येत नाही तं लोकं कायले म्हणतात, येते म्हणून?"

"ते नुसते शब्द आहेत. चाबीला क्लाविस. कुलपाला सेरा. दाराला यानुआ. रोम म्हणून गाव आहे, तिथल्या जुन्या लोकांची भाषा. आता कोणी बोलत नाही ती."

"मंग तुमी कोनासंग बोलता?"

रघुनाथरावांनी विचार केला. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता.

"कोणासंगच नाही," ते म्हणाले.

आत उचकीसारखा एक आवाज झाला. ती हसली असावी, असं त्यांना वाटलं. पण खात्री नव्हती.

"बाधा-बिधा काही नाही जी मले," दारापलीकडचा आवाज जवळ आला. "आमी माजघरात निजतो. तिथून सगळ्याइले येनं-जानं. सासरे बाबाजी बिडीसाठी माचिस घ्याले येतात, बुढी सासू डब्बा घ्याले येते, आत्याबाई पाह्याले येतात का मी काय करून राह्यली. त्या दाराले कडीच नाही. आज कोठीत ज्वारी काढाले आली अन् पाह्यलं, हिले आतून कडी हाय. म्हटलं, घडीभर लावून पाहू."

"मग?"

"लावली. लय बरं वाटलं."

"मग?"

"मंग बुढीनं हाक मारली. म्हटलं, आता उठते, मंग उठते. मंग आमचे ते मोठ्यानं ओरडले. मंग मिस्त्री आला. आता येवढ्या लोकाइसमोर निघू तं काय सांगू? कायले बसली होती म्हणून सांगू?"

एकदा रजनीबाईंचे भाऊ घरी आले असताना रघुनाथराव चष्मा आणायला आतल्या खोलीत गेले होते. चष्मा सापडला, पण इतका वेळ काय करत होतात असं कोणी विचारील या धास्तीनं ते बाहेर येईनात. जितका उशीर झाला तितकं येणं कठीण होत गेलं. पाहुणे जेवून, पान खाऊन गेले, तेव्हा ते बाहेर आले. चष्मा डोळ्यांवर होता.

"कळलं," ते म्हणाले.

"तुमी मंतर म्हणा. मंग मी उघडते. म्हणजे मले काही सांगा लागत नाही."

"म्हणतो."

"मोठ्यानं म्हणा. आमचे बाबाजी बहिरे हायेत. त्याइले आलं पाह्यजे ऐकू, नाही तं ते जन्मभर विचारत राह्यतीन."

"मोठ्यानं?"

"हो जी."

रघुनाथरावांनी विहिरीकडे पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे पाहत होतं.

"अन् गुरुजी," आतून आवाज आला, "आतून लावाच्या कडीले काय म्हणतात त्या भाषेत?"

त्यांनी आठवून पाहिलं. शब्द वाचलेला होता, पान आठवत होतं, शब्द आठवत नव्हता.

"पाहून सांगतो," ते म्हणाले, आणि उभे राहिले.

पहिला "क्लाविस" घशातच राहिला. दुसरा जेमतेम उंबऱ्याबाहेर पडला. कवडूजींनी कानामागे हात धरला. मग रघुनाथरावांनी डोळे मिटून घेतले आणि शाळेत कधीच न काढलेल्या आवाजात म्हणाले, "क्लाविस. सेरा. क्लाउस्ट्रुम. ओस्तिउम. यानुआ." कोंबड्या उडाल्या. दार उघडलं नाही. त्यांनी उंबरा म्हटला, बिजागरी म्हटली, गावाची वेस म्हटली. कुलपं-दारं संपली तेव्हा घाबरून खिडकीही म्हणून टाकली, आणि "फेनेस्त्रा"वर कडी निघाल्याचा आवाज आला.

जयवंता डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. तिनं सुपात ज्वारी आणली होती.

"ऐकू आलं," कवडूजी समाधानानं म्हणाले.

कलाबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, मग रघुनाथरावांच्या पाया पडल्या. त्यांना मागे सरायला जागा नव्हती.

"कोनत्या देवाचा मंतर होये, गुरुजी?"

"मंत्र नाही. यानुस म्हणून दाराचा देव आहे. त्याला दोन तोंडं असतात. पण हे शब्द त्याचे असे नाहीत..."

"दोन तोंडाचे तं आमच्या घरातबी हायेत," कलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी विहिरीपाशी उभ्या असलेल्या नणंदेकडे, आत्याबाईंकडे पाहिलं.

मिस्त्री पटाशी पिशवीत घालू लागला. ट्रॅक्टर नको म्हणून सांगायला कोणी तरी निघालं. जयवंता सूप घेऊन माजघराच्या उघड्या दारातून आत गेली, आणि तिच्या मागोमाग आत्याबाई, शेजारच्या दोघी, एक शेळी अशी सगळी आत गेली.

"त्या दाराला आतून कडी बसवून घ्या," रघुनाथराव एकदम म्हणाले.

"माजघराले?" कलाबाई थांबल्या. "मंतरात हाय असं?"

परीक्षेत कधी कोणाला अर्धा गुणही उगाच न दिलेल्या रघुनाथरावांचे कान तापले. आतून जयवंता पाहत होती.

"हो," ते म्हणाले.

मिस्त्रीनं पटाशी पुन्हा बाहेर काढली.

घरी आल्यावर त्यांनी टोपीही न काढता कोश उघडला. शब्द त्यांना आठवत होता त्याच पानावर होता, उजवीकडे खाली.

"पेसुलुस," ते म्हणाले.

"हात-पाय धुवा अन् जेवायला बसा," रजनीबाई म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस रघुनाथरावांना नीट झोप लागली नाही. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. ते परत घ्यावं असं वाटत नव्हतं, याचं अधिक वाईट वाटत होतं. सावरगावला जाऊन एकदा खरं काय ते सांगून यावं, असं ते रोज ठरवत आणि पुलापर्यंत जाऊन परत येत.

दिवाळी झाल्यावर कलाबाईच आल्या. एकट्या. संत्र्यांची टोपली त्यांनी ओट्यावर ठेवली.

"सून म्हणे, गुरुजी कडीचं नाव सांगतो म्हणाले होते."

"पेसुलुस."

"पेसूलस," कलाबाईंनी म्हणून पाहिलं. "सांगते तिले. बरी हाय आता. दुपारची घडीभर दार लावते, मंग उघडते. कामबी करते, बोलतेबी. परवा तं मलेच बोलली."

"वा," रघुनाथराव म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "कलाबाई, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी जे म्हटलं..."

"संत्री लवकर खाजा. जास्त दिवस टिकत नाहीत."

त्या उठल्या नाहीत. टोपलीतली संत्री त्यांनी उगाच खालची वर केली. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, ती पार दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या.

"मी सैपाकाच्या खोलीत निजते," त्या म्हणाल्या. "लगन होऊन आली तवापासून. त्या दाराले कडी नाही."

रघुनाथरावांनी टोपली थोडी बाजूला सरकवली.

"कडी बसवायला मंत्र लागत नाही, कलाबाई," ते म्हणाले. "मिस्त्रीला सांगितलं की बसवील. माझ्या शब्दांनी काही होत नाही. तेव्हाही झालं नव्हतं."

"ते मले मालूम हाय," कलाबाई म्हणाल्या. "तवाच मालूम होतं. पन घरचे विचारतीन ना, या वयात कायले पाह्यजे म्हणून. मी काय सांगू?"

आत रजनीबाईंचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

रघुनाथराव उठले. खुंटीवरची टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली. कलाबाईंनी रिकामी करून टोपली काखेत घेतली आणि त्या पुढे निघाल्या. पायऱ्या उतरून त्यांनी मागे पाहिलं.

"अन् गुरुजी, जरा मोठ्यानं म्हणजा," त्या म्हणाल्या. "आमचे हे बहिरे हायेत."