करंजपाड्याची वाट आणि माझे नवे शॉकअप

मी एक जुनी लाल मोटारसायकल आहे. वय सोळा. या वयात आमच्यातल्या बहुतेक जणी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलेल्या असतात. मी मात्र अजून आठवड्यातून तीन दिवस नाशिकहून पेठ रस्त्याला लागते आणि सावळघाट चढते, उतरते. मला एका जागी उभं राहणं जमत नाही, मित्रांनो. स्टँडवर लावलं तरी माझं पुढचं चाक रस्त्याकडेच वळलेलं असतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. मी पुढे सरकायची आणि प्रत्येक माणूस माझ्यावर काहीतरी चढवायचा. एकानं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना शॉकअप बसवले. बाहेर स्प्रिंग, आत तेल भरलेली नळी. खड्डा आला की स्प्रिंग दबते, आणि तेल तिला एकदम उसळू देत नाही. त्यांचं काम एवढंच. तेव्हा मला त्यांचं काही विशेष वाटलं नाही. मला अभिमान होता तो माझ्या टाकीच्या लाल रंगाचा.

मला घरी आणलं मल्हारी साळवे यांनी. ते नाशिक रोडच्या एका कॉलनीत राहायचे आणि सातपूरला कारखान्यात लेथ चालवायचे. दर रविवारी ते मला धुवायचे, जुन्या बनियननं पुसायचे. शेजारी म्हणायचे, "मल्हारीभाऊ, गाडी अजून शोरूममधून आणल्यासारखी दिसते." त्यांची धाकटी मुलगी अंजली टाकीवर बसून आरशात तोंड बघायची. बारा वर्षं अशी गेली. मग मल्हारींचा गुडघा कामातून गेला. ते बसने जाऊ लागले आणि माझ्यावर ताडपत्री पडली. उंदरांनी सीटचा फोम कुरतडला. टायरांमधली हवा गेली. रस्त्यावरून कुणाचं इंजिन गेलं की ताडपत्रीखाली मी अस्वस्थ व्हायची. तीन वर्षं मी फक्त ऐकत उभी होते.

दरम्यान अंजली लॅब टेक्निशियन झाली. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. पेठ रस्त्यावरच्या पाड्यांवर जाऊन, लोकांचं रक्त घेऊन, ते त्याच दिवशी नाशिकला पोहोचवायचं हे तिचं काम. एका सकाळी तिनं ताडपत्री ओढली.

"अगं, ही म्हातारी घाटात नेणार?" मल्हारींनी विचारलं. "स्कूटी घे एखादी."

"पप्पा, त्या वाटेवर स्कूटीची चाकं पुरत नाहीत. हिलाच नीट करू."

नवे टायर, नवी बॅटरी, नवी सीट. मागच्या कॅरियरवर निळी थंड पेटी बांधली. शॉकअपकडे कुणी पाहिलं नाही. त्यांच्यातून तेल गळून नळीवर धूळ चिकटली होती. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी?

डांबरी रस्ता संपला की करंजपाड्यापर्यंत सहा किलोमीटर नुसते दगड आहेत. तेल गळालेले माझे शॉकअप त्या दगडांवर चेंडूसारखे उसळायचे. पेटीतल्या ट्यूबही उसळायच्या. आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रक्त फार हिंदकळलं की त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात. चांगला नमुना यंत्रात फिरवला की वर पिवळसर पाणी येतं. पेशी फुटलेल्या असतील तर ते लालसर दिसतं, आणि काही आकडे खोटे येतात. प्रयोगशाळा असे नमुने परत पाठवते. म्हणजे माणसाला पुन्हा सुई.

करंजपाड्यातल्या यशोदाबाईंना तीन वेळा सुई टोचावी लागली. त्यांची किडनी दुखावलेली होती, दर महिन्याला तपासणी हवीच होती. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "माझं रगत काय ओढ्याचं पानी हाय का पोरी? दर येळी सांडायला?"

अंजलीला तोंड वर करता आलं नाही. परतताना ती घाटात दोनदा थांबली, पेटी उघडून बघितली, पुन्हा बंद केली आणि वाकून माझे गळके शॉकअप पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती मला गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात घेऊन गेली. दुकान ज्ञानेशचं. तिशीचा, बोलायला चटपटीत.

"ताई, डोळे झाकून हे घ्या. गॅसचे शॉकअप आहेत, मागे गॅसची छोटी लाल टाकी. रेसवाले हेच लावतात. घाटात गाडी हलणार नाही."

"हलणार नाही ना? मला तेच पाहिजे," अंजली म्हणाली.

बरोबर आलेल्या मल्हारींनीही बोटानं स्प्रिंग दाबून पाहिली आणि पसंती दिली. "टणक आहे. मजबूत काम."

खरं सांगते, मीही फुशारले. सिग्नलला पोरं वाकून माझे शॉकअप बघायची. वळणावर मी दगडासारखी घट्ट राहायची. पण करंजपाड्याच्या वाटेवर पहिल्याच दिवशी मला कळलं की काहीतरी चुकलंय. ते शॉकअप दबतच नव्हते. प्रत्येक दगडाचा ठोका जसाच्या तसा वर, कॅरियरला, पेटीला जात होता. अंजलीची पाठ दुखू लागली. तिला वाटलं, नवीन आहेत, बसतील हळूहळू.

तिसऱ्या आठवड्यात यशोदाबाईंचा रिपोर्ट आला. पोटॅशियम इतकं वाढलेलं की हृदय कधीही बंद पडेल. नमुना जरासा लालसर होता, पण कुणाच्या नजरेतून तो सुटला. डॉक्टरांनी घाईघाईनं निरोप धाडला. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, पाड्यावरचं माणूस न् माणूस भाताच्या चिखलात. यशोदाबाईंचा मुलगा आणि सून हातातली रोपं टाकून त्यांना जीपमध्ये घालून नाशिकला धावले. सून वाटभर रडत होती. इस्पितळात पुन्हा रक्त घेतलं. पोटॅशियम अगदी बरोबर निघालं.

दोन दिवसांनी अंजली पाड्यावर गेली, तेव्हा यशोदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"मी मरते म्हनून सांगितलं तुमी. माझ्या लेकानं वाटंत देवाला कायकाय कबूल केलं. आता रगत नाय द्यायची मी. कुनीच नाय देनार."

आणि खरंच, त्या दिवशी पाड्यावरचं एकही दार उघडलं नाही. पेटी रिकामी घेऊन आम्ही परत आलो. रिकाम्या पेटीचा आवाज फार वाईट येतो, मित्रांनो. सगळी वाट ती खडखडत होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख शुभांगी मॅडम दारातच, माझ्याजवळ उभ्या राहून बोलल्या. "अंजली, चूक आमचीही आहे. तो नमुना आम्ही थांबवायला हवा होता. पण खोटा रिपोर्ट देण्यापेक्षा न दिलेला बरा. सोमवारपर्यंत काही जमलं तर बघ. नाहीतर तो पाडा बंद करू."

"बंद केला तर यशोदाआजी कुठे जाणार?"

मॅडमनी पेटीचं झाकण नीट लावलं आणि त्या आत गेल्या.

अंजली मला पेठ नाक्यावर रंगनाथ मिस्त्रींच्या गॅरेजात घेऊन गेली. रंगनाथकाका निफाडकडचे. द्राक्षबागेतल्या पंपांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं खोललेला माणूस. त्यांनी शॉकअपला हातच लावला नाही.

"ताई, आधी बसा गाडीवर."

ती बसली. रिकाम्या गाडीचं मागच्या चाकापासून सीटपर्यंतचं अंतर त्यांनी टेपनं आधीच मोजून ठेवलं होतं, ते आता पुन्हा मोजलं. "बोटभर पण नाय बसली. वजन किती तुमचं?"

"पन्नास."

"दोन दांडगे गडी बसायचे शॉकअप हे. स्प्रिंगखालची ही रिंग सगळ्यात नरम खाचेवर ठेवली तरी तुमच्यानं दबायचे नाय. तुम्हाला गाडी पळवायची का रक्त न्यायचं?"

अंजलीनं रिकाम्या पेटीवर हात ठेवला. मग म्हणाली, "काका, मला नुसतं वाटून चालणार नाही. खात्री पाहिजे. आणि ती रक्तानंच होईल."

प्रयोगशाळेत जाऊन तिनं स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. शुभांगी मॅडमनी दोन ट्यूब भरून दिल्या. एक प्रयोगशाळेत ठेवायची, दुसरी माझ्या पेटीतून करंजपाड्याच्या फाट्यापर्यंत आणि तिथून दगडांवरून आत नेऊन परत आणायची. मग दोन्ही यंत्रात फिरवून शेजारी धरून बघायच्या. पहिल्या फेरीला तेच टणक शॉकअप होते. प्रयोगशाळेतली ट्यूब पिवळी, माझी गुलाबी. मला शरमल्यासारखं झालं.

दुसऱ्या फेरीला रंगनाथकाकांनी माझ्या मूळच्यासारखे साधे, नवे शॉकअप लावले. नरम होते, दबत होते, पण परत येताना उसळायचे. एका दगडाला तीन हेलकावे. रंग थोडा सुधारला, तरी लाल झाक राहिलीच.

काका मान हलवत म्हणाले, "दबणं हे निम्मं काम. सावकाश परत येणं हे बाकीचं निम्मं. ते ज्याला जमतं असा पाहिजे."

शनिवार आला. अंजली अंगणात बसायची, उठायची, माझ्याभोवती फिरायची. तिच्या दोन्ही हातांवर सुयांचे निळे डाग पडले होते. मल्हारींनी ते पाहिले आणि शर्टाची बाही वर केली. "आता माझं घे."

"पप्पा, तुम्हाला शुगर आहे."

"शुगर असली तरी रक्तच आहे ना ते? टणक घे म्हणून मीच सांगितलं होतं."

त्याच दुपारी आम्ही गॅरेजात असताना, काकांचा निरोप मिळून ज्ञानेश तिथे आला. हातात खोक्यात गुंडाळलेली एक जोडी. साधे काळे शॉकअप, ना टाकी ना चकाकी. "ताई, गोडाऊनमध्ये तळाला पडले होते. दिसायला साधे म्हणून कुणी उचलत नाही. स्प्रिंग बारीक आहे, आणि खाली हा स्क्रू. यानं परतीचा वेग कमी-जास्त होतो." मग म्हणाला, "तुम्ही गाडीवरून काय नेता, हे मी विचारलंच नव्हतं. माझं चुकलं."

रंगनाथकाकांनी ते चढवले. अंजली बसली, मी हवी तेवढी खाली बसले. शॉकअपच्या दांड्याला काकांनी एक रबरी कडी अडकवली. दांडा किती आत गेला ते कडी जिथे सरकून थांबेल त्यावरून कळणार होतं. रविवारी सकाळी स्क्रू टिक-टिक असा दोन टिचक्या फिरवून, पेटीत मल्हारींच्या रक्ताची ट्यूब घेऊन आम्ही निघालो. वाटेवर मागचा भाग अजून किंचित उसळत होता. फाट्यावर थांबून अंजलीनं कडी पाहिली, स्क्रू आणखी तीन टिचक्या फिरवला, टायरमधली हवा थोडी सोडली. मग आम्ही दगडांत शिरलो.

ते मी कसं सांगू? सोळा वर्षांत पहिल्यांदा मी खड्ड्यात उतरले आणि शांतपणे वर आले. पुढचा दगड यायच्या आत मागचा विसरलेली असायची.

रविवारी दुपारी अंजली प्रयोगशाळेतून धावत बाहेर आली. मल्हारी माझ्या सीटला टेकून उभे होते. तिनं दोन ट्यूब उन्हात धरल्या. दोन्ही पिवळ्या. कोणती प्रयोगशाळेत राहिली आणि कोणती माझ्याबरोबर गेली, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नव्हतं. मल्हारींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि परत एकदा बघितलं.

पण ट्यूब पिवळी झाली म्हणून यशोदाबाईंचं दार उघडणार नव्हतं. सोमवारी अंजलीनं ओट्यासमोर मला उभं केलं आणि काय काय झालं ते सगळं सांगितलं. बाह्या वर करून हात दाखवले.

यशोदाबाईंनी तिचा हात हातात घेतला. डागांवरून बोट फिरवलं. "इतकं टोचून घेतलंस? आन् हे कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, आजी."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मग लुगड्याचा पदर खोचून उभी राहिली. "मला बसव मागं. माझी पाठ लय दुखती, तिला आपसूक कळंल."

सून हसायला लागली. "आत्ये, पडाल ना!"

"गप गं. रगत जातं, मग मला काय झालंय जायला?"

अंजलीनं पेटी उतरवली, दोघींच्या वजनासाठी स्प्रिंगखालची रिंग दोन खाचा घट्ट केली आणि यशोदाबाईंना बसवलं. आम्ही ओढ्यापर्यंत गेलो, वळलो. मी त्या वेळी जितकी जपून चालले तितकी कधीच चालले नसेन. परत येईपर्यंत ओट्यापाशी दहा-बारा माणसं जमली होती. यशोदाबाई उतरल्या, कंबरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या आणि लोकांना म्हणाल्या, "जीपगाडीपरीस बरी हाय." मग ओट्यावर बसून त्यांनी हात पुढे केला.

त्या दिवशीचा नमुना पिवळा निघाला, आणि आकडा खरा. खरा होता म्हणूनच त्यातलं एक दुखणं दिसलं. पोटॅशियम ठीक होतं, पण किडनीचा दुसरा आकडा हळूहळू चढत होता. अंजलीनं पुढच्या फेरीत घरातल्या सगळ्या गोळ्या ओट्यावर मांडायला सांगितल्या. त्यात गुडघ्यांसाठी बाजारातून आणलेली एक वेदनाशामक गोळी निघाली. यशोदाबाई ती रोज दोन वेळा घेत होत्या. ती किडनीला बाधते म्हणून डॉक्टरांनी बंद केली. दोन महिन्यांत आकडा खाली आला. करंजपाड्याची वाट बंद झाली नाही.

मित्रांनो, मला आता पूर्वीसारखी चमक नाही. टाकीवर पोचे आहेत, एक आरसा उसना आहे. पण माझे शॉकअप दर महिन्याला पुसले जातात, तेल गळतंय का पाहिलं जातं, आणि करंजपाड्यात शिरण्याआधी अंजली खाली वाकून स्क्रूला हात लावते. तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. तिला नवा भाग घ्याल तेव्हा तो किती चकाकतो ते मागाहून बघा. ती कोणत्या वाटेनं जाते, किती वजन नेते, हे आधी विचारा. आणि ती कुरकुरली तर आवाज मोठा करून गाणी लावू नका. आम्हाला तेवढंच बोलता येतं. आमच्या पाठीवर कधी कुणाची आजी असते, कधी कुणाचं रक्त.