मातीचा वर्ग: पालकांचा अभिप्राय

संस्थेचा फॉर्म म्हणतो, 'स्वमग्न मुलांना छंदवर्गाचे झालेले फायदे एका ओळीत लिहा.' संचालिकाबाईंना एका ओळीपेक्षा जास्त वाचवत नाही, हे ठाऊक आहे. तरी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते.

पाल्याचे नाव.
घरी गोटी म्हणतो. वय अकरा.

पाल्याने काय तयार केले?
काही नाही. आठ महिने दर शनिवारी दोन तास गोटी फक्त माती मळते. दाबते, वळवते, पुन्हा दाबते. शांत असते. संचालिकाबाईंचा जीव मात्र वरखाली. "अहो ताई, फोटोत काय दाखवू, चिखल? प्रदर्शनात जिचं भांडं नाही, तिची जागा पुढच्या सत्रात दुसऱ्या मुलाला जाईल."

मग गोटीच्या नावाची चिठ्ठी लावलेली निळी फुलदाणी आली कुठून?
हा प्रश्न फॉर्मवर नाही, मी घातला. ती बाईंनी केली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही फक्त हसा." मी हसले. जागा जायला नको होती. त्या हसण्याची लाज वाटते.

संवादकौशल्य?
प्रदर्शनात प्रमुख पाहुण्यांनी फुलदाणी उचलली. "वा बाळ, तू केलीस?"
अनोळखी माणसाशी कधीही न बोललेली गोटी म्हणाली, "नाही. बाईंनी केली. मी माती मळते."
"गोंधळते हो ती," बाई म्हणाल्या. गोंधळलेलं तिथे एकच माणूस होतं, आणि त्याच्या गळ्यात संस्थेचा बिल्ला होता.

समूहात सहभाग?
भट्टीवाल्या काकांना विचारा. हात पुसत तेच पुढे आले. "आधी दर खेपेला चार-पाच भांडी फुटायची. नीट न मळता मातीत हवा राहिली की भट्टीत फुटतातच. ही आल्यापासून एक नाही. इथली सगळी भांडी हिच्या मातीची. तुमची फुलदाणी धरून, बाई."
"आपण नंतर बोलू, काका."
"नंतर कशाला? पुढच्या सत्रात ही नसेल तर भट्टीला माणूस दुसरा बघा."
पाहुण्यांनी फुलदाणी फार जपून खाली ठेवली. बाईंना पहिल्यांदाच फोटो नको होता.

पुढील सत्रात प्रवेश हवा का?
हवा. गोटीच्या नावाची चिठ्ठी मी काढून आणली आहे, सोबत जोडते. फुलदाणीवर तुमचं नाव लावा, चांगली झाली आहे. शनिवारी गोटी दहाला येईल. माती भिजवून ठेवा.