पुंगळ्यांचं पाणी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, काही समजावून सांगायचं म्हणजे निव्वळ डोकेफोड. किशनराव तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी रीतसर परवानगी काढून त्यांना झाडलेल्या काडतुसांच्या बारा रिकाम्या पुंगळ्या भेट दिल्या. त्यांचं पितळ आता काळं पडलेलं. सव्वीस जानेवारीला बोरीच्या शाळेत त्या मांडायच्या ठरल्या आणि मामांना चकाकी हवीशी झाली.

सोमवारी बघते तर कणकेच्या परातीत चिंच कालवून बसलेले. वर एकेक पुंगळी तोंडाला लावून फुंकतायत.

"मामा, काय करायलाव हे! आत शिसं राहिलेलं असतंय. लेकराच्या पोटात गेलं तर मेंदूवर जातं."

"तीस वर्षं फुंकल्या. मला काय झालं?"

"तुमाला न्हाई, सृष्टीला होईल!"

तीन वर्षांच्या नातीचं नाव काढलं तेव्हा कुठे पुंगळी खाली ठेवली. तेवढ्यात शेजारचा भुजंग डोकावला. म्हणे, संडासाचं ॲसिड ओता, लखलखतील. त्याला मी नुसते हात जोडले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शेवटी लाल पेनानं सात कलमं लिहून भिंतीला चिकटवली. अंगणातच बसायचं. हातमोजे घालायचे. जुनी बादली घ्यायची, ती पुन्हा घरात आणायची नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, लिंबाचे चार थेंब, बस्स. ॲसिड नाही. कोरडं घासायचं नाही. फुंकायचं तर मुळीच नाही, त्याखाली दोन रेघा.

गुरुवारी शाळेतून आले तर पेपरवर बारा पुंगळ्या झळकत होत्या. मोजे दोरीवर, बादली फाटकापाशी. सातही कलमं पाळली होती! मला चक्क भरून आलं.

आत मामा सृष्टीला पोहे भरवत होते. तिनं नेहमीसारखी वरची कोथिंबीर वेचून ताटलीच्या कडेला लावलेली.

"खा गं माय. परसातनं आत्ताच तोडून आनली."

मी फाटकापाशीच्या रिकाम्या बादलीकडे बघितलं. "मामा, बादलीतलं पाणी कुठं ओतलं?"

"कोथिंबिरीवर. तूच म्हनतीस ना, थेंब वाया घालायचा न्हाई?"

मी ताटली हिसकावली. सृष्टी रडायला लागली.

"एक तरी पान खाल्लं का हिनं?"

"कुठं खाती ती! पहिलाच घास भरवायलो होतो."

याच खोडीवरून मी तिला रोज रागावते.

भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. पाण्याचं काय करायचं, हे सातात कुठेच नव्हतं. चार दिवस साठवलेला संताप आता काढायचा कुणावर?

मागे गेले तर मामा मोजे घालून कोथिंबीर मुळासकट उपटत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता हे कुठं टाकायचं, ते बी लिहून दे."

लाल पेन माझ्या पर्समध्येच होतं. पण उत्तर मलाही माहीत नव्हतं.